दुसरी ट्रायल

११ फेब्रुवारी

डॉक्टरांनी रोजची नोंद ठेवायला सांगितली आहे. त्यासाठी छापील तक्ता दिला, तो सूनबाईने फ्रिजवर चिकटवला. वजन किती, पायाला सूज आहे का, किती पायऱ्यांवर धाप लागते, झोपताना उशा किती. आज मी तो सुवाच्य अक्षरात भरला. सूज: नाही. धाप: नाही. उशा: एक. इतका धडधाकट माणूस हृदयाच्या डॉक्टरकडे गेलाच कशाला, असा प्रश्न फ्रिजलाही पडला असेल.

खरं लिहायला ही वही. मुद्दाम मापवहीसारखीच आणली आहे, म्हणजे दुकानात कुणाच्या हाती लागली तरी कोटाची मापं समजून मिटून ठेवेल. तर खरं असं: उशा तीन. दुकान खाली, घर वर, मध्ये चौदा पायऱ्या. सातव्या पायरीवर मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला थांबतो. दिवसातून चार वेळा वाचतो. महिना तोच असतो.

आजार डॉक्टरांनी समजावला तो असा. हृदयाच्या डाव्या बाजूला दोन पाकळ्यांची एक झडप असते. रक्त पुढे गेलं की तिने घट्ट मिटायचं. माझी मिटत नाही. एक पाकळी सैल पडली आहे आणि रक्त मागे गळतं. छप्पन वर्षं रोज वापरलेला कपडा कुठेतरी सैल पडणारच. मी म्हटलं, "म्हणजे ऑल्टरेशनचं काम आहे!" डॉक्टर हसले नाहीत. त्रास वाढला तर लगेच या, नाहीतर तीन महिन्यांनी, एवढंच म्हणाले.

त्रास वाढायला मला सध्या सवड नाही. वाद्यवृंदाचे बावीस कोट वीस एप्रिलला द्यायचे आहेत. बावीस वादक, बावीस तऱ्हेची पोटं, आणि रंगमंचावर सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसले पाहिजेत. रस्त्यापलीकडच्या शिंप्याला (त्याला आम्ही 'समोरचा' म्हणतो, त्याहून जास्त मान देत नाही) हे काम मिळालं असतं, तर बावीस जण एकाच हँगरवरून पडल्यासारखे दिसले असते.

सूनबाईने तक्ता दोनदा वाचला. ती छापखान्यात प्रूफं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा तिला पगार मिळतो. घरी ती तेच काम फुकट करते.

१९ फेब्रुवारी

आज पँट तिसऱ्यांदा सैल केली.

चांगला शिंपी पुरुषाच्या पँटला मागच्या शिवणीत दीड-दोन इंच कापड जास्तीचं ठेवतो. गिऱ्हाईक सुटणार हे त्याला ठाऊक असतं, गिऱ्हाइकाला नसतं. मी स्वतःच्या पँटला पुरते दोन इंच ठेवले होते. ते आता जवळपास संपले. जेवण निम्म्यावर आलं आहे आणि कंबर वाढते आहे, म्हणजे हे बहुधा हवा खाऊनच. पट्टा टोचत होता, बसलं की श्वास अडायचा. शिवण उसवली, नवी घातली, इस्त्री फिरवली. पाच मिनिटांत तब्येत सुधारली. डॉक्टर लोक उगाच एवढी वर्षं शिकतात.

शिंप्याने स्वतःचं माप स्वतः घेऊ नये असा नियम आहे. हात आपोआप आपल्या बाजूने खोटं बोलतो. पण दुकानात दुसरं आहे कोण? घेतलं. मापवहीत नेहमीसारखी नोंद केली: मालक, कंबर, आकडा, तारीख. फ्रिजवर काहीही लिहीन, मापवहीत खोटं लिहिणार नाही. तीस वर्षांत नाही लिहिलं.

अंगुस्तान बोटात अडकलं. साबण लावून काढलं. आता त्याच्याशिवायच शिवतो. दिवसाला चार-पाचदा सुई टोचते, रक्ताचा थेंब येतो, चोखतो, पुढे शिवतो. गळतीची सवय आहेच.

२ मार्च

वाद्यवृंदातला ट्रॉम्बोनवाला मापाला आला. टेप कमरेला लावला, की जगातला प्रत्येक माणूस पोट आत घेतो आणि श्वास रोखतो. मंत्री असो की हमाल. मी प्रत्येकाला एकच वाक्य सांगतो, "श्वास सोडा." रोखलेल्या श्वासावर शिवलेला कपडा घरी गेल्यावर होत नाही. हा तर फुंकणारा माणूस, त्याने इतका रोखला की मीच घाबरलो. चारदा सांगितल्यावर सोडला. दोन इंचांचा फरक पडला!

पायाचं माप घ्यायला गुडघ्यावर बसलो आणि उठता येईना. शेवटी गिऱ्हाइकाला कापायच्या टेबलावर उभं केलं. म्हटलं, नवी पद्धत आहे, परदेशात असंच करतात. त्याने मान डोलावली. परदेशाचं नाव काढलं की माणूस टेबलावर काय, कपाटावरही चढतो.

सूनबाईने हल्ली चहाचं सगळं सामान दुकानात आणून ठेवलं आहे. म्हणते, "बाबा, वर कशाला येता सारखे? मीच खाली येते." म्हणजे दुकानावर नजर ठेवायला बरं. दुपारचं जेवणही खालीच. परवा बघितलं तर माझ्या खोलीतल्या उशा मोजत होती. विचारलं तर म्हणाली, अभ्रे धुवायचेत.

८ मार्च

हद्द झाली. आज कपाट उघडलं तर करड्या रंगाची पँट गायब. तीच, तीनदा सैल केलेली. जुनी तपकिरीही नाही. चिरंजिवांना विचारलं. हा माझा मुलगा इतका सज्जन आहे, की खोटं बोलायच्या आधी कान लाल करतो. कान लाल झाले. "धुवायला असतील," म्हणाला.

दोन्ही परवाच धुऊन आल्या होत्या.

मी काही दूधखुळा नाही. माणूस आजारी पडला की घरात हळूच वाटण्या सुरू होतात. पण कपड्यांपासून सुरुवात केलेली पहिल्यांदाच बघतो आहे. अजून मी श्वास घेतो आहे (बरा घेत नाही, पण घेतो आहे), आणि सूनबाईने माझ्या पँटा दान करायला काढल्या! निदान ज्याला देईल त्याची कंबर तरी विचारायची. त्यात आता एक इंचही वाढवता येणार नाही.

रागाच्या भरात कोटाची बाही उलटी लावली. तीस वर्षांत पहिल्यांदा. उसवली. उसवायची मला लाज नाही. उसवायची लाज वाटली की शिंपी संपला.

११ मार्च

चिरंजीव सकाळी म्हणाला, "बाबा, माझी दाढ दाखवायची आहे, सोबत येता का?" तिशी ओलांडलेला मुलगा दाढेला बापाला नेतो, याचं मला कौतुकच वाटलं. गाडी हृदयाच्या इस्पितळापाशी थांबली. दाढ फारच खोल गेली असावी.

आत सर्जनबाई. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बोटं लांब, नखं बारीक कापलेली. ॲप्रनची बाही मात्र खांद्यापाशी ओढत होती. मी तिकडेच बघत होतो, तेवढ्यात सूनबाईने पिशवीतून माझ्या दोन्ही पँटा काढून टेबलावर पसरल्या. वर मापवही ठेवली.

"हा यांचा रोजचा तक्ता," ती सर्जनबाईंना म्हणाली. "तो खोटा आहे. हे बघा."

आणि मग तिने माझी पँट वाचून दाखवली. मागची शिवण उलटून, जुन्या टाक्यांच्या भोकांवर बोट ठेवत, "ही मूळ शिवण. ही नोव्हेंबरमधली, एक बोट सोडलंय. ही जानेवारीतली. ही एकोणीस फेब्रुवारीची. आता आत काही उरलं नाही. तारखा वहीत आहेत, त्यांच्याच हाताने लिहिलेल्या. याच काळात उशा एकाच्या तीन झाल्या. सातव्या पायरीवर थांबतात. बूट घालायचं जानेवारीत सोडलं, चपलांवर आले."

सर्जनबाईंनी भोकांवरून अंगठा फिरवला. मग माझ्या घोट्यावर दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. आम्ही चौघेही त्या खड्ड्याकडे बघत बसलो. तो काही भरायचं नाव घेईना.

"हे पोट सुटलेलं नाही, मास्तर. अंगात पाणी साठलंय," त्या म्हणाल्या. "माणसं सूज आली की घाबरतात आणि डॉक्टरकडे पळतात. तुम्ही पँट सैल केलीत."

"तीनदा," सूनबाई म्हणाली. चुका मोजायची सवय.

लगेच हृदयाची सोनोग्राफी झाली. गळती जोरात आहे, आणि मागे आलेलं रक्त सांभाळून सांभाळून हृदय ताणलं गेलं आहे. सर्जनबाईंनी सरळ सांगितलं, "अजून तीन महिने काढले असतेत तर झडप शिवता आली असती, पण हृदय पूर्ववत झालं नसतं. याच आठवड्यात दाखल व्हा."

"बावीस कोट आहेत," मी म्हटलं.

"शिवायला कोण राहणार आहे?" त्यांनी विचारलं. उत्तर द्यायला हवं होतं, पण धाप लागली होती.

परत येताना गाडीत मी ती करडी पँट उलटून पुन्हा बघितली. घरचा भेदी म्हणतात तो हा असा. गेली सहा वर्षं मी सांगत आलो, की या मुलीला शिवणीतलं ओ की ठो कळत नाही. चारही शिवणी बरोबर क्रमाने ओळखल्या तिने. एकीत तर दोरा बदलला होता, तोही सांगितला.

१६ मार्च

इस्पितळ. पाणी उतरवायच्या गोळ्या आणि सुया. पाच दिवसांत सहा किलो उतरलो. करडी पँट आता हाताने धरून चालावी लागते. ज्या पँटने चहाडी केली, तिचीच ही गत झाली.

कोट समोरच्याला दिले. हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला. माझे कापून ठेवलेले सतरा, न कापलेले पाच. चिरंजीव देऊन आला. समोरचा म्हणे कापड उलटसुलट करून म्हणाला, "कटिंग झकास आहे." आता दहा वर्षं हे वाक्य तो माझ्या तोंडावर मारणार.

शेजारच्या खाटेवर निवृत्त बसचालक आहे. त्याची झडप आठ वर्षांपूर्वी बदलली, धातूची बसवली. आता दुसऱ्याच कशासाठी तपासणीला आला आहे. तो गप्प बसला की छातीतून टिकटिक ऐकू येते. खरोखर. मी त्याला घड्याळराव म्हणतो, त्याला आवडलं. झडप उत्तम चालते म्हणाला, फक्त रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. दाढी करताना कापलं तर अर्धा तास टॉवेल धरून बसायचं. एकदा डबा उघडताना अंगठा कापला, तर टाके घालायला जावं लागलं.

मी माझी बोटं बघितली. डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर नवीजुनी सतरा छिद्रं मोजली, मग कंटाळा आला.

१८ मार्च

आज सर्जनबाई कागद घेऊन आल्या. खाटेवर बसल्या आणि माझ्याच उशीचा कोपरा हातात घेऊन समजावलं. सैल पाकळीचा जास्तीचा तुकडा कापायचा, कडा जुळवून शिवायच्या. पाकळीला खालून धरून ठेवणारी एक दोरी तुटली आहे, तिथे नवी दोरी घालायची. मग झडपेच्या घेराला कडं शिवून घेर आवळायचा. मी म्हटलं, नेफ्यात नाडी घालतात तसं. त्या म्हणाल्या, अगदी तसंच. या बाई मला आवडायला लागल्या आहेत, हे वाईट लक्षण आहे.

"शिवल्यावर ट्रायल घेता की नाही?" मी विचारलं.

"दोनदा घेतो. आधी मीठपाणी भरून बघतो. मग हृदय पुन्हा चालू करून सोनोग्राफी. खरी ट्रायल तीच."

"आणि तेव्हा गळलं तर?"

त्यांनी उशीचा कोपरा सोडला. "तर दोन रस्ते. यंत्रावर परत घेऊन हृदय पुन्हा थांबवायचं, उसवायचं, पुन्हा शिवायचं. किंवा दुसऱ्या खेपेला दुरुस्तीच्या भानगडीत न पडता सरळ धातूची झडप बसवायची. ते काम ठरलेलं असतं, लवकर उरकतं. पुन्हा शिवायला वेळ जास्त लागतो आणि ते जमेलच असं नाही. तुमचं हृदय आधीच दमलंय, मास्तर. जितका वेळ ते थांबलेलं राहील, तितका धोका वाढतो."

"प्राण्याच्या कातड्याची झडप असते ना?" चिरंजिवांनी विचारलं. त्याने रात्रभर फोनवर वाचलं होतं.

"असते. पण या वयात ती दहा-बारा वर्षांत झिजेल आणि छाती पुन्हा उघडावी लागेल. यांच्या हृदयाला ते झेपेल असं मला वाटत नाही."

मी सांगितलं, "आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला दोन ट्रायल देतो. मलाही दोन द्या. पहिलीत गळलं तर उसवा आणि परत शिवा."

तेव्हा सूनबाई बोलली. आजवर कधी माझ्याशी वरच्या आवाजात बोलली नव्हती. "अजिबात नाही. पहिल्यात नाही जमलं तर सरळ धातूची. गोळ्या मी आणीन, मी देईन."

"आणि कात्री?" मी म्हटलं. "सुई? दिवसाला पाच वेळा टोचणार, आणि पाच वेळा टॉवेल धरून बसायचं? मग दुकानात बसून मी करू काय?"

"काही करू नका! नुसते बसा." तिचा आवाज फाटला. "मला तुमचं दुकान नकोय, बाबा. तुम्ही हवे आहात."

वॉर्डात सगळ्यांनी माना वळवल्या. मला फार लाजल्यासारखं झालं. म्हटलं, "हळू. घड्याळरावांचे ठोके चुकतील." ती उठून बाहेर गेली.

सर्जनबाई म्हणाल्या, "दोन ट्रायल लिहून घेते. पण त्या वेळी हृदयाची काय अवस्था आहे ते मी बघणार. अगदीच अशक्य वाटलं तर विचारणार नाही. शक्य असलं, तर बाहेर माणूस पाठवून विचारणार. बाहेर जो असेल त्याचा शब्द शेवटचा."

बाहेर कोण असेल? चिरंजीव रक्ताची बाटली बघून परवाच भिंतीला टेकला होता. म्हणजे सूनबाई. संपलं. उद्या पहिल्या ट्रायलला गळलं, की माझी कात्री गेली.

१९ मार्च

सकाळी छाती साफ करून गेले. न्हाव्याचं काम सफाईदार होतं, एक ओरखडा नाही. गळ्यातला टेप मी अजून काढला नव्हता, सवयीने इथेही घालून बसतो. सिस्टर म्हणाली आत नेता येणार नाही. सूनबाई पुढे झाली आणि ओंजळ धरली. दिला. 

भीती वाटते आहे. इथे लिहायला हरकत नाही, हा फ्रिजवरचा तक्ता नाही. मरायची कमी वाटते. परत येऊन रिकाम्या हाताने दुकानात बसायची जास्त वाटते. बायको गेली त्यानंतर नऊ वर्षं मी त्या टेबलापाशी उभा राहून काढली. तिथे उभा नसतो तर कुठे गेलो असतो, मला माहीत नाही.

न्यायला आले.

२४ मार्च

अक्षर कोंबडीच्या पायांचं. बरगड्या बोलतात.

परवा जाग आली ती घशात नळी घालून. बोलता येत नाही, हलता येत नाही, आणि खोलीतली एकूण एक यंत्रं टिकटिक करत होती. डोक्याशी एक, डावीकडे दोन, पलीकडच्या खाटेला एक. त्यातली माझी कुठली? कान देऊन ऐकत राहिलो. शिंप्याचा कान मशीनचा आवाज ओळखतो म्हणतात. काही ओळखता आलं नाही. सिस्टर आली, गोड हसली, म्हणाली, "सगळं छान झालं हं, काका!" छान म्हणजे कुठलं छान ते सांगेना. मी बोटांनी कात्रीसारखी उघडझाप करून दाखवली. तिला वाटलं बँडेज टोचतंय. तिने ते सारखं केलं.

आज साध्या खोलीत आणलं. दुपारी सगळे बाहेर गेले, यंत्र काढून नेलं. मी तोंड मिटून, श्वास धरून ऐकलं.

काही नाही. धप धप, नेहमीचंच. घड्याळ नाही.

मग रडलो. टाके ओढले, म्हणून आवरतं घेतलं.

२५ मार्च

हकीकत चिरंजिवांकडून काढली. त्याच्याकडून काढायला त्रास नाही, तो आपोआपच गळतो.

पहिल्या ट्रायलला गळलं. मीठपाण्यात ठीक दिसलं, हृदय चालू झाल्यावर एका कोपऱ्यातून पुन्हा धार. चार तास होऊन गेले होते. आतून एक सहायक डॉक्टर आला, मास्क खाली केला आणि म्हणाला, "पुन्हा प्रयत्न करता येईल असं मॅडमना वाटतं, पण खात्री नाही. की धातूची बसवायची? एका मिनिटात सांगा."

"मी खुर्चीत बसलो होतो," चिरंजीव म्हणाला, "मला उठताच येईना. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, दोन ट्रायल ठरल्यात. उसवा."

"मग?"

"मग सव्वा तास. ती तुमचा टेप बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. दार उघडलं की उभी राहायची."

संध्याकाळी सूप घेऊन आली. मी विचारलं, "अगं, तुला तर धातूची हवी होती."

"हो," ती म्हणाली. "अजूनही वाटतं, तेच शहाणपणाचं होतं."

"मग?"

"आमच्यात लेखकाने प्रुफाच्या समासात 'राहू द्या' लिहिलं, की आपण हात लावायचा नाही. आपल्याला चूक वाटली तरी. पुस्तक त्याचं असतं." आणि मग चमचा माझ्या तोंडाशी धरून म्हणाली, "सूप गार होतंय."

सुपात मीठ नव्हतं. डॉक्टरांनी बंद केलं आहे. मी तक्रार केली नाही. आजारपणात माणूस बदलतो म्हणतात, तो हा असा.

२० एप्रिल

घरी. चौदा पायऱ्या चढलो, सातवीवर थांबलो नाही. कॅलेंडर अजून फेब्रुवारीवरच होतं. एवढ्या वाचनातून मी काही पान उलटलं नव्हतं.

आज वाद्यवृंदाचा कार्यक्रम. ट्रॉम्बोनवाला जाताना कोट दाखवायला आला. खांदा बघितला, कॉलर बघितली, बाही उलटून अस्तर बघितलं. समोरच्याने काम चांगलं केलं आहे. हे फक्त या वहीत. तोंडाने मी म्हटलं, "चालेल."

आणखी एक. सर्जनबाईंना निरोप घेताना म्हणालो होतो, खांद्यात ओढणारा तुमचा ॲप्रन पाठवून द्या. त्यांनी खरंच पाठवला आहे. पण तीन महिने काही उचलायचं नाही, ओढायचं नाही, आणि टाके मुरेपर्यंत तेवढे तीन महिने ती पातळ करणारी गोळीही आहेच. जूनमध्ये संपेल. कात्री खिळ्याला टांगली आहे. मी तिच्याकडे बघतो.

४ मे

सर्जनबाई तपासून म्हणाल्या, गळती नाही. ताणलेलं हृदयही आत यायला लागलं आहे, बऱ्याच कपड्यांपेक्षा शहाणं आहे. सूज नाही. उशी एक. फ्रिजवर तेच लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तो तक्ता आणि ही वही जुळली.

दुपारी दुकान उघडून नुसता बसलो. सूनबाई चहा घेऊन आली. चहाचं सामान तिने खालीच ठेवलं आहे. म्हटलं, "आता कशाला? मी चढतो की."

"सवय झाली मला," ती म्हणाली.

करडी पँट आता दोन्ही हातांनी धरावी लागते. तिन्ही शिवणी परत आत घ्यायच्या, जूनमधलं माझं पहिलं काम तेच. पण माप तरी आज घेऊन ठेवावं. टेप उचलला आणि मग तो नियम आठवला. मोडला होता, त्याचं काय झालं तेही आठवलं. टेप तिच्यापुढे धरला.

"मला येत नाही, बाबा."

"चार शिवणी वाचता येतात, आकडा येणार नाही? ये इकडे. मागून घे. बोट मध्ये घालायचं, आवळायचं नाही."

ती वाकली. टेप कमरेभोवती आला, पुढे जुळला. मी सवयीने पोट आत घेतलं नाही, हे मुद्दाम नोंदवतो. मी सरळ उभा होतो आणि छाती आपली आपण वरखाली होत होती, बिनबोभाट. पण आकडा काही ऐकू येईना. खाली बघितलं. टेपची दोन्ही टोकं धरून ती तशीच वाकली होती, डोळे आकड्यावर, ओठ घट्ट मिटलेले, आणि खांदे हलत नव्हते. केव्हापासून ते देव जाणे. नोव्हेंबरपासूनही असेल.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"श्वास सोड, पोरी," म्हटलं.

तेव्हा कुठे तिने सोडला.

मालक. कंबर चौतीस. चार मे. माप घेणार: सूनबाई.